राघोकाकाच्या नळीतलं पाणी

राघोकाका माझ्या दुकानात आला तो एक बाटली घेऊन. खोकल्याच्या औषधाची जुनी बाटली, बुचावर मेणबत्तीचं मेण ओतून बंद केलेली, वरून दोऱ्याची गाठ. शहापुरात माझं पंखे, मिक्सर, इस्त्री दुरुस्तीचं दुकान. तिथे लोक जळालेल्या मोटारी घेऊन येतात, बाटल्या नव्हे. काकाने रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बघून घेतलं, काउंटरच्या आत शिरला आणि बाटली माझ्या हातात देऊन हळूच म्हणाला, “धाकलू, ह्या पान्यात काय हाय ते बघून सांग. कुनाला बोलू नको.”

“कसलं पाणी आहे हे?”

“सकाळी माज्या नाकात येतंय ते. फडक्यानं पिळून भरलंय. सून मशीनमधे कायतरी घालते.”

मी हसलो. २००५ सालचा जानेवारी होता तो, आणि त्या हसण्याची लाज मला अजून वाटते.

राघोकाका आमच्याच गावचा. आटगावाहून तानशाकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं गाव, आणि गावाला लागून मुंबईला पाणी नेणारे मोठे काळे पाईप. त्या पाइपांवर गस्त घालायची नोकरी काकाने तीस वर्षं केली. गावात त्याला ‘पायपावरचा राघो’ म्हणत. हातात एक लोखंडी सळई असायची. तिचं एक टोक पाइपाला टेकवायचं, दुसरं कानाला लावायचं आणि डोळे मिटून ऐकायचं. आतलं पाणी रोजच्या सुरात चाललं असेल तर पुढचा पाईप, बारीक फुसफुस आली तर तिथे गळती. एप्रिल-मे महिन्यात सगळा माळ करपलेला असताना एखाद्या ठिकाणी गवत हिरवं दिसलं की काकाला तिथे चोर दिसायचा. दहांतल्या चार वेळा खरंच कुणीतरी पाइपाला भोक पाडून पाणी घेत असायचं. तेच वाईट झालं. संशय अधूनमधून खरा ठरला की माणसाला तो डोळ्यांपेक्षा जास्त विश्वासाचा वाटू लागतो.

नोकरीवरचा हा स्वभाव घरात उतरला. दुधाच्या पातेल्याला बाहेरून कोळशाची रेघ, मिठाच्या बरणीला खडूची खूण. दाराचं कुलूप ओढून बघायचं, चार पावलं जायचं आणि परत येऊन पुन्हा ओढायचं. १९९४ साली मुरबाडकडच्या म्हशाच्या जत्रेत त्याने बैलांची जोडी घेतली, सौदा झाल्यावर बैलगाडीला टेकून जरा बसला तो बसल्या बसल्या झोपला. जाग आली तेव्हा म्हणायला लागला, माझा उजवा बैल बदलला. व्यापारी शपथा घेतो, बरोबरचे चार जण सांगतात की आम्ही इथेच होतो, पण काका ऐकेना. तो बैल पुढे सहा वर्षं राबला, आणि सहाही वर्षं काका त्याला ‘दुसऱ्याचा’ म्हणायचा. बिचारा बैल!

या बसल्या बसल्या झोपण्याकडे मात्र कुणी नीट बघितलं नाही. काका बोलता बोलता पेंगायचा, जेवताना घास हातात घेऊन पेंगायचा. लोक म्हणायचे, पितो. तो थेंबाला शिवत नव्हता. काकाला वाटायचं, आपल्या चहात कुणीतरी झोपेचं औषध घालतंय. म्हणून चहाची टपरी बदलायची, पुन्हा पेंग आली की पुन्हा बदलायची. आटगाव स्टेशनाबाहेर एकही टपरी अशी नव्हती जिच्याशी त्याचं भांडण झालं नव्हतं.

जनीकाकू, म्हणजे त्याची बायको, साधी बाई. काकाच्या घोरण्याने शेजारच्या घरातली कोंबडी जागी होते असं ती सांगायची. पण ती स्वतः मात्र घोरण्याने उठत नसे, घोरणं थांबलं की उठायची. आवाज थांबला की काकाला कोपराने ढोसायची, तो मोठा हिसका देऊन श्वास घ्यायचा आणि पुन्हा घोरू लागायचा. काका चारचौघांत तक्रार करायचा, “ही मला रातभर मारते. लग्नापासूनचा सूड उगवते.” बाया हसायच्या, काकूही हसायची. २००० साली ती तापाने गेली.

त्यानंतर चार वर्षांनी काका पाइपावरून चालता चालता झोपला आणि खालच्या चरात पडला. गळ्याजवळचं हाड मोडलं. मुलगा दिपेश कल्याणला कंपनीत होता, त्याने तिथल्या दवाखान्यात ठेवलं. तिथल्या डॉक्टरांनी हाड बसवलं, पण वॉर्डातलं घोरणं ऐकून एक रात्र तारा लावून तपासणी केली. झोपेत या माणसाचा श्वास तासाला चाळीस वेळा थांबतो, असं निघालं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं: रोज झोपताना हवेचं मशीन लावायचं, नाहीतर एक दिवस हे उठणार नाहीत.

दिपेश सांगतो, परतीच्या वाटेवर वासिंदला काका म्हणाला, “जनी मग झोपली कवा?”

एवढं कळलेला माणूस शहाणा व्हायला हवा होता. मला राग येतो तो याचाच. एका बाईने वीस वर्षं जागून याला जिवंत ठेवलं, आणि हा तिला मारकुटी म्हणत राहिला. ते समजून रडलाही. आणि घरी येऊन नेमकं तेच दुसऱ्या बाईशी केलं.

ती दुसरी बाई म्हणजे नेहा, दिपेशची बायको. मुरबाड तालुक्यातली, म्हशाजवळच्या गावची, बारावी शिकलेली. मशीन घेऊन आलेला माणूस हिंदीत बोलणारा होता, त्याने सगळं नेहालाच समजावलं. डबीएवढी पाण्याची टाकी, तिच्यात रोज स्वच्छ पाणी. ते किंचित गरम होतं, त्यातून ओलसर हवा नळीने मास्कमध्ये येते, म्हणजे नाक कोरडं पडत नाही. मागे हवा ओढायची जाळी, तिला लावलेला स्पंजचा तुकडा आठवड्याला धुवायचा. दिपेशला पाळ्यांची नोकरी, त्यामुळे पाणी भरणं, मास्क पुसणं नेहाकडे आलं. सासऱ्याचा जीव तिच्या हातात आला, आणि सासरा असा. गावात सून आणि सासरा म्हटल्यावर लोकांचे कान आधीच टवकारलेले असतात. काका उद्या झोपेतच गेला असता तर लोक डॉक्टरांचं नाव घेणार नव्हते, नेहाचं घेणार होते. हे नेहाला पहिल्या दिवसापासून कळत होतं. मला उशिरा कळलं.

मशीन ठेवलं कुठे, तर माळ्याखालच्या फळीवर, जमिनीपासून सहा फूट. आमच्याकडे किमती वस्तू वरच जाते. बियाण्याचं भात वर, रेशनकार्डाची पत्र्याची पेटी वर, लग्नातले शालू वर. खाली उंदीर, वाळवी, कोंबड्या, पावसाळ्याची ओल. काका झोपायचा खाली सारवलेल्या जमिनीवर, घोंगडीवर. नळी लांब होती, वरून खाली सुखाने पोचायची. दसऱ्याला त्याने मशीनला हळदकुंकू वाहून झेंडूची माळ घातली. झेंडूच्या पाकळ्या जाळीत ओढल्या गेल्या, मशीन हाँ-हाँ करू लागलं, तेव्हा पहिला संशय आला: “नेहानं कायतरी केलं.” माळ कुणी घातली होती, हे विचारायची सोय नव्हती.

पावसाळाभर आणि ऑक्टोबरात तरी बरं चाललं. काकाची दिवसाची पेंग गेली, बोलताना डोळे उघडे राहू लागले. पण डिसेंबरात थंडी पडली आणि पहाटे त्याच्या नाकात पाणी येऊ लागलं. एकदम एक घोट, थंडगार. गुदमरून उठायचा, मास्क फेकायचा. टाकीला कोळशाची रेघ मारून ठेवली, तर सकाळी पाणी रेघेच्या खाली! म्हणजे पाणी कुठेतरी जात होतं, आणि जात होतं त्याच्या नाकात. तीस वर्षं पाण्याची चोरी पकडलेल्या माणसाने शोध लावला: सून रात्री उठून नळीत पाणी सोडते.

त्या पाण्याचीच ती बाटली.

मी बाटली हलवून बघितली, उघडून वास घेतला. “काका, पाणी आहे. साधं.”

“साध्या पान्यानंच तं मानूस बुडतो,” तो म्हणाला आणि बाटली घेऊन गेला.

आता माझं पाप ऐका. तो गेला, आणि अर्ध्या तासात मी ती गोष्ट दुकानात बसलेल्या तिघांना सांगितली. काकाचा आवाज काढून, बाटलीचं मेण, दोऱ्याची गाठ, सगळं रंगवून. खूप हसलो. उचलली जीभ लावली टाळ्याला. त्यातला एक जण मुरबाडकडे दुधाच्या गाडीवर जायचा. पौषातली पुनव जवळ आली होती, म्हशाची जत्रा तोंडावर होती, आणि जत्रेत दोन्ही तालुक्यांची माणसं भेटतात. माझ्या दुकानातून निघालेलं पाणी म्हशाला पोचेपर्यंत विष झालं होतं.

इकडे काकाने फळीवर एक लाकडी खोकं ठोकून घेतलं, मशीन आत ठेवलं, नळीपुरतं भोक पाडलं आणि कुलूप लावलं. चावी करदोट्याला. पाणी आता तो स्वतः भरायचा. दोन दिवसांनी पहाटे पुन्हा नाकात पाणी! दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, चला, सून सुटली. काकाने ठरवलं, हिच्याकडे दुसरी चावी आहे. संशयाला कुलूप घालता येत नाही.

जत्रेनंतर तिसऱ्या दिवशी नेहाचे वडील, धाऊमामा, आले. ओट्यावर बसले नाहीत, पाणी घेतलं नाही. “माजी पोर इखार घालते असं म्हशाच्या बाजारात ऐकलं मी. बैल घेनारी मानसं बोलत होती. खरं असंल तं पोलिसात द्या, खोटं असंल तं सांगा.”

सगळे काकाकडे बघत होते. एवढंच म्हणायचं होतं की खोटं आहे. काका जमिनीकडे बघत म्हणाला, “मी कुनाचं नाव घेतलं नाय.”

नेहाने पिशवी भरली आणि वडिलांबरोबर निघून गेली. दिपेश कामावर होता.

त्या रात्रीही काकाने खोक्याला कुलूप घातलं, मास्क लावला आणि झोपला. नेहा दुसऱ्या तालुक्यात, तिच्या माहेरी. पहाटे नाकात पाणी आलं. आता मात्र तो घाबरला. त्याने मशीनचं बटण बंद केलं आणि जाहीर केलं की जाण्याआधीच नेहाने यात करणी करून ठेवली आहे, हे मी पुन्हा लावणार नाही.

सहा दिवसांनी दिपेश माझ्या दुकानात आला. डोळे तांबारलेले. “भाऊ, मी रजा टाकलीये. रात्री त्याच्या उशाशी बसतो. आवाज थांबला का ढोसतो. आईनं कसं काढलं काय माहीत. मला कामावर जायला लागनार. मी गेलो नि तो मेला तं नेहाचं काय? लोक सोडतील तिला?”

त्याला माहीत नव्हतं की लोकांच्या तोंडी ते विष कुणी घातलं. मी सांगितलंही नाही. दुकान बंद केलं, स्क्रू-ड्रायव्हर आणि टेस्टर खिशात टाकला आणि त्याच्याबरोबर निघालो.

दुपारी तीनला काकाच्या घरात शिरलो तेव्हा आधी मला माझ्या धंद्याचीच भीती वाटली. बोर्डापासून फळीपर्यंत तीन तुकड्यांची वायर, सांध्यांना नुसतं प्लास्टिक गुंडाळलेलं, त्यातला एक सांधा चुलीच्या धुराच्या वाटेवर, दुसरा घोंगडीखालून. आणि पिनेला अर्थिंग नाही. पाणी असलेलं मशीन, ओली जमीन, उघडी वायर. नाकातलं पाणी राहू दे, हा माणूस विजेने मेला नाही हेच नशीब. मी ते सगळं आधी उपटून काढलं. काका कोपऱ्यात बसून माझ्या हातांवर नजर ठेवून होता.

“तू काय नेहाकडचा तं नाय ना?” त्याने विचारलं.

“काका, चावी दे.”

चावी त्याने सोडली नाही. करदोट्यासकट उठून स्वतः कुलूप उघडलं. मी नळी हातात घेतली. फळीपासून जमिनीपर्यंत सहा फूट ती सरळ लोंबत होती. रात्री चूल विझल्यावर कौलांतून थंडी उतरते; आतली हवा ओलसर, कोमट. भाताच्या पातेल्यावर थाळी झाकली तर थाळीच्या आतल्या बाजूला थेंब धरतात, तसे या नळीत धरत होते. थेंबाला थेंब मिळून ओघळ होत होता, आणि ओघळ जाणार कुठे?

मला माहीत होतं. पण मी सांगितलं असतं तर मीही नेहाच्या टोळीतला ठरलो असतो. म्हणून मी त्याला विचारलं, “काका, तानशाचं पाणी मुंबईला कोण ढकलतं?”

“कोन ढकलनार? उतारानं जातं. धरन वर, मुंबय खाली.” तो तुच्छतेने म्हणाला. असल्या प्रश्नाला तीस वर्षं नोकरी केलेला माणूस काय उत्तर देणार.

मी नळी तशीच धरून उभा राहिलो. त्याने फळीकडे बघितलं, मग नळीकडे, मग खाली त्याच्या उशीकडे. मग पुन्हा वर. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो वळसा काकाच्या तोंडावर मी उलगडताना बघितला. तो मटकन घोंगडीवर बसला.

“म्हंजे मीच सोडत होतो,” तो म्हणाला.

दिपेशला राग आवरेना. “बाबा, ती पयल्या दिवशी बोलली होती, खाली ठेवा, उशीपेक्षा खाली. तो मशीनवाला तिला सांगून गेलता.”

“बोलली होती,” काका म्हणाला. “मला वाटलं, उंदरांनी खावं म्हनून सांगते.”

मग जागा शोधायला बसलो, आणि खरं सांगतो, मशीन दुरुस्त करणं सोपं असतं. मशीन झोपणाऱ्याच्या डोक्यापेक्षा खाली हवं, आणि काका तर जमिनीवर झोपणारा. जमिनीखाली मशीन ठेवायचं कुठे, विहिरीत? म्हणजे काकाला खाटेवर घ्यायला हवं. खाट म्हटल्याबरोबर तो भडकला. “खाट मी धरनार नाय. खाट धरली का मानूस उठत नाय.” त्याच्या बापाने खाट धरली होती ती शेवटचीच. शेवटी दिपेशने मधला मार्ग काढला: शेतातल्या माचाची फळकुटं आणून विटांवर दीड फूट उंचीचा ओटा केला, त्यावर घोंगडी. काकाने त्याला खाट म्हणायचं नाही आणि आम्हीही म्हणायचं नाही असं ठरलं.

मशीन कुठे? चुलीच्या भिंतीला नको, धूर आणि राख. रस्त्याकडच्या खिडकीपाशी नको, धूळ. देवाऱ्याखाली ठेवायची काकाची इच्छा, पण तिथे समईचं तेल आणि वरून फुलं. दसऱ्याच्या पाकळ्या मी विसरलो नव्हतो. उरली ती मधली भिंत. तिथे जड लाकडी पाट दोन विटांवर, म्हणजे उशीपेक्षा वीतभर खाली, आणि भिंतीपासून हातभर पुढे, म्हणजे मागच्या जाळीला हवा. खोकं काढून टाकलं. कोंडलेल्या खोक्यात मशीनलाच दम लागत होता. उंदरांसाठी पाटाभोवती कोंबडीच्या खुराड्याची जाळी, पण दार उघडं. वायर एकच, बिनसांध्याची, भिंतीने खिळ्यांवर, पाय अडकणार नाही अशी. तीन पिनांचं सॉकेट, अर्थिंगला मागच्या अंगणात तांब्याची पट्टी पुरली. तेव्हा लोडशेडिंगचे दिवस होते, वीज गेली की मास्कमध्ये गुदमरायला होतं, म्हणून एक इन्व्हर्टर, पण त्याची बॅटरी पडवीत, माणसापासून लांब. काका प्रत्येक गोष्ट विचारत होता: ही पट्टी कशाला, बॅटरीचं पाणी मशीनमध्ये गेलं तर? मी म्हटलं, बॅटरीचं पाणी बॅटरीला. मशीनला मेडिकलमधलं डिस्टिल्ड. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याने टेस्टर स्वतःच्या हाताने पट्टीला लावून बघितला, तेव्हा कुठे मान हलवली.

“आता नेहाला आनायला जायला पायजे,” तो म्हणाला. “तू पन चल. तू तोंडाचा गोड हाय.”

तोंडाचा गोड!

म्हशाजवळच्या त्या गावी आम्ही तिघं दुसऱ्या दिवशी सकाळी पोचलो. धाऊमामांनी बसायला घोंगडी टाकली आणि स्वतः उभे राहिले. काकाने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. “चूक माजी होती,” तो म्हणाला. “पानी नळीतलं होतं. मशीन मीच वर ठेवलं होतं.” त्याच्या आयुष्यात एवढं सरळ वाक्य तो पहिल्यांदाच बोलला असेल.

“आमाला तं बाजारात कळलं,” धाऊमामा म्हणाले. “शहापूरच्या कुन्या दुकानातून आलं म्हनं.”

नेहा दारात उभी होती. तिने माझ्याकडे बघितलं. मी तिच्या पायांकडे बघितलं. त्या वेळी कबूल करायला हवं होतं. मी केलं नाही.

नेहा काकाला म्हणाली, “मामंजी, मी येते. पन तुमाला पटलं म्हनून नाय येत. आज पटलं, उद्या आनिक कायतरी निघंल. तुमी एक दिवस झोपेत गेलात तं लोक माजंच नाव घेनार, मी इथं असले तरी नि तिथं असले तरी. तिथं असले तं तुमाला मरू तरी देनार नाय.”

काकाने मान खाली घातली. शेवटी तिच्या आईने चहा आणला.

नेहा आली, आणि तिने आणखी एक गोष्ट केली जी मला सुचली नव्हती. काकाच्या जुन्या लोकरी स्वेटरची बाही कापून नळीवर शिवली, म्हणजे नळी थंड पडू नये. त्या थंडीत आणि पुढच्या चार थंड्यांत पाणी एकदाही आलं नाही. दर रविवारी ती जाळीचा स्पंज धुऊन काकाच्या समोर वाळत घालायची, टाकी त्याच्या डोळ्यांदेखत भरायची. तो म्हणायचा, “भर गो, मी काय बघतोय का?” आणि बघायचा. स्वभाव गेला नाही, पण त्याने पुन्हा कुणाचं नाव घेतलं नाही. उलट गावात कुणी मशीनचा विषय काढला तर सांगायचा, “माज्या सुनंनं मला चार वर्सं वाढवून दिली.” हे मी माझ्या कानांनी ऐकलं आहे.

२००८ च्या डिसेंबरात राघोकाका गेला. झोपेत नाही. सकाळी दहा वाजता, खळ्यावर, भाताची झोडणी चालू असताना. छातीला हात लावला, ‘जरा बसतो’ म्हणाला आणि पेंढ्यावर बसला तो बसलाच. वीस माणसं होती तिथे. नेहा तेव्हा घरात भाकऱ्या करत होती. वीस साक्षीदार, स्वच्छ ऊन, आणि मशीन घरात पाटावर बंद.

तरी दहाव्याला, नदीवरून परतताना, शेजारच्या हौसाकाकूने दुसरीला विचारलेलं मी ऐकलं: “ते मशीनमधे पानी कोन भरायचं गो?” दुसरीने नुसत्या भुवया उडवल्या. चार वर्षांनी, माझ्याच दुकानातलं ते पाणी अजून वाहत होतं. मला त्या बाईचा गळा धरावासा वाटला. पण धरायचा तर आधी माझाच धरायला हवा होता.

तेराव्यानंतरच्या आठवड्यात, बाजाराच्या दिवशी, नेहा माझ्या दुकानात आली. दुकान भरलेलं. आमच्या गावची पाच-सहा माणसं होती, हौसाकाकूचा नवरा होता. नेहाने तांदळाच्या गोणीतून मशीन काढलं आणि काउंटरवर ठेवलं.

“भावोजी, हे खोला.”

“कशाला? चालू तर आहे.”

“खोला. सगळ्यांदेखत.”

मी चार स्क्रू काढले. वरचं झाकण उचललं. सगळे काउंटरवर वाकले, अगदी वाकले. लोकांनी एवढ्या मन लावून काही बघितलेलं माझ्या दुकानात मी कधी पाहिलं नव्हतं.

“काय हाय आत?” नेहाने विचारलं.

“मोटर आहे. पंखा आहे.”

“मोठ्यानं सांगा.”

“मोटर आहे, पंखा आहे आणि थोडी धूळ,” मी मोठ्याने सांगितलं. हौसाकाकूचा नवरा रस्त्याकडे बघू लागला.

नेहाने रिकामी गोणी घडी करून काखेत घेतली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. “त्या बाटलीची गोष्ट तुमी हितंच बसून सांगितलेली ना, हसत हसत? मला माहेरीच कळलं होतं,” ती म्हणाली. “आता ही पन सांगा. जेवढ्यांना ती सांगितलीत तेवढ्यांना.”

म्हणून सांगतोय. पाणी नळीतलं होतं, थंडीचं होतं. नेहाने ते घातलं नव्हतं.